बॉयलरचा काटा रोज थोडा थोडा का उतरतो? सेंट्रल हीटिंगमधली मंद गळती शोधण्याची पद्धत

बॉयलरवरचा दाबाचा काटा सोमवारी दीड बारवर असतो आणि शुक्रवारी एकच्या खाली येतो. फिलिंग लूपचा, म्हणजे नळाचं पाणी हीटिंगमध्ये भरायच्या नळीचा, व्हॉल्व्ह उघडून पाणी भरलं की हीटिंग पुन्हा सुरू होतं आणि विषय मागे पडतो. पुढच्या शुक्रवारी परत तेच. ब्रिटनमध्ये कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) असलेल्या किती तरी मराठी घरांत हा क्रम दोन-दोन हिवाळे चालतो, कारण कुठेही ओलं दिसत नाही आणि घर तर गरम होतंय.

पण पाणी भरत राहणं हा इलाज नव्हे, त्याने दुखणं वाढतं. नळाच्या ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला ऑक्सिजन आत जातो आणि स्टीलचे रेडिएटर आतून गंजतात. त्या गंजाचा काळा, शाईसारखा गाळ होतो. तो पंपात, व्हॉल्व्हमध्ये आणि बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, बसतो. गंज रोखण्यासाठी घातलेलं इनहिबिटर प्रत्येक भरणीबरोबर पातळ होतं. म्हणजे आज एका नटातून थेंब जातोय, तो दुर्लक्षित राहिला तर काही वर्षांनी रेडिएटरला भोक पडू शकतं. महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा पाणी भरावं लागत असेल तर शोध घ्यायलाच हवा.

हे पाणी जातं कुठे?

आपल्याकडे गच्चीवर टाकी असते, पाणी येतं आणि जातं. इथल्या बंद सिस्टीममध्ये तेच पाणी वर्षानुवर्षं बॉयलर, पाइप आणि रेडिएटर यांच्यात फिरत असतं. थंड असताना दाब १ ते १.५ बार, हीटिंग चालू असताना २ बारच्या आसपास, हे ठीक. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी घराबाहेर सोडतो, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखंच. दाब ०.५ बारच्या आसपास उतरला की बरेचसे बॉयलर स्वतःहून बंद पडतात. (माळ्यावर छोटी टाकी असलेली जुनी उघडी सिस्टीम असेल तर तिला दाबाचा काटाच नसतो. हा लेख तिच्यासाठी नाही.)

या सगळ्यात एक भाग नजरेआड असतो, एक्स्पान्शन व्हेसल. हा पत्र्याचा चपटा डबा बहुतेक वेळा बॉयलरच्या आतच असतो. त्याच्या मध्ये रबरी पडदा, एका बाजूला हीटिंगचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर नेलं तर ते जवळपास ३ लिटरने फुगतं. ते वाढीव पाणी ही हवा दाबून स्वतःला जागा करून घेतं. हवा कमी झाली तर जागाच उरत नाही.

आता थोडं गणित, कारण पुढचा सगळा शोध त्यावर उभा आहे. समजा व्हेसल ८ लिटरचं आहे आणि त्यात ०.७५ बारची हवा आहे. अशा सिस्टीमचा दाब १.५ वरून १ बारवर यायला साधारण १.४ लिटर पाणी जावं लागतं. हे एका आठवड्यात गेलं तर दिवसाला २०० मिलिलिटर, तासाला ८ मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम तीन थेंब. गरम पाइपावर पडलेले तीन थेंब खाली पोचायच्या आत सुकतात. म्हणून ‘कुठेच ओलं नाही, म्हणजे गळती नाही’ हा निष्कर्ष चुकतो. उलट, व्हेसलमधली हवा निघून गेली असेल तर पेलाभर पाणी गेलं तरी काटा तेवढाच खाली येतो.

हे घरी तपासता येतं. बॉयलर बंद आणि पूर्ण थंड असताना दाब १.५ वर आणा. खालच्या मजल्यावरच्या ड्रेन कॉकला (सिस्टीममधलं पाणी काढायच्या नळाला) रबरी नळी लावून मापाच्या भांड्यात पाणी काढत राहा आणि काटा १ वर आला की थांबा. लिटरभर किंवा जास्त पाणी निघालं तर व्हेसल काम करतंय. कपभरातच काटा पडला तर संशय व्हेसलवर. पाणी काळं निघेल आणि गालिच्यावर पडलं तर डाग जात नाही, तेव्हा खाली जुनी चादर आणि तसराळं ठेवा.

आठवडाभर वही ठेवा

पाना हातात घेण्याआधी सात दिवस नोंदी करा. सकाळी हीटिंग सुरू होण्याआधी एक आकडा, संध्याकाळी हीटिंग तासभर चालल्यावर दुसरा. फोनवर काट्याचा फोटो काढला तरी चालतं, वेळ आपोआप नोंदली जाते. या काळात दाब ०.७ च्या खाली जाईपर्यंत पाणी भरू नका, आणि भरलंच तर तेही लिहा.

गरम झाल्यावर काटा अडीच-तीनपर्यंत चढतो आणि थंड झाल्यावर आदल्या दिवसापेक्षा खूप खाली बसतो, असं दिसलं तर ते व्हेसलचं लक्षण. गरम-थंड फरक अर्ध्या बारच्या आसपासच आहे, पण सकाळचा आकडा रोज सारखाच घसरतोय, तर एखादा सांधा, रेडिएटर किंवा नीट न बसलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. हीटिंग बंद असलेल्या दिवसांत घसरण जास्त असेल तर थंडीने आकसणारा सांधा शोधायचा, जो गरम झाला की फुगून स्वतःच बंद होतो. आणि हात न लावता थंड सिस्टीमचा दाब वाढत असेल, तर फिलिंग लूप आतून पाणी सोडतोय किंवा कॉम्बीच्या गरम पाण्याच्या प्लेट हीट एक्स्चेंजरला आत चीर गेली आहे. नळाच्या पाण्याचा दाब बहुधा जास्त असतो, म्हणून ते हीटिंगमध्ये घुसतं.

दोन गोष्टींना गळती समजू नका. रेडिएटरमधली हवा काढली की दाब उतरतोच. आणि सिस्टीम रिकामी करून नव्याने भरल्यावर विरघळलेली हवा बाहेर पडते, त्यामुळे पहिले काही दिवस दोन-तीनदा पाणी घालावं लागतं. मात्र एकच रेडिएटर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा वरच्या बाजूला थंड पडत असेल, तर आत गंजातून तयार होणारा वायू साठतोय. ते इनहिबिटर संपल्याचं चिन्ह आहे.

पहिली जागा घराबाहेर

बॉयलर ज्या भिंतीवर आहे तिच्या बाहेरच्या बाजूला १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप दिसेल, तोंड बहुधा भिंतीकडे वळवलेलं. हा सेफ्टी व्हॉल्व्हचा निकास. तो कायम कोरडा असायला हवा. तोंडाखाली भिंतीवर पांढरट किंवा तांबूस ओघळ असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. खात्री करायला एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी पाइपाच्या तोंडावर रबरबँडने सैलसर अडकवा आणि दिवसातून दोनदा बघा. घट्ट बांधू नका, हा सुरक्षेचा मार्ग आहे आणि त्यातून उकळतं पाणी येऊ शकतं. तोंडापाशी हात किंवा चेहरा नेऊ नका.

पिशवीत पाणी जमलं तर प्रश्न असा, की व्हॉल्व्ह खराब आहे म्हणून गळतोय की दाब खरंच ३ बारला जातोय म्हणून उघडतोय? वहीतला संध्याकाळचा आकडा हे सांगतो. बहुतेक घरांत दोन्ही असतं, आणि त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी व्हेसलमधली हवा कमी होते. मग दाब तीनला भिडतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. उघडताना काळ्या गाळाचा एखादा कण त्याच्या बैठकीवर अडकतो, आणि पुढे एक बारलाही तो थेंब थेंब सोडत राहतो. नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नवा व्हॉल्व्ह काही आठवड्यांत त्याच मार्गाने जातो. नुसती हवा भरली तर जुना व्हॉल्व्ह गळतच राहतो. दोन्ही कामं एकाच भेटीत करून घ्या, आणि इंजिनिअरला फोन करतानाच तसं सांगा म्हणजे तो सुटा भाग घेऊन येईल.

बाहेर किंवा सिंकखाली दिसणारा पांढरा प्लॅस्टिकचा पाइप वेगळा. तो कंडेन्सेटचा, म्हणजे बॉयलरच्या धुरातली वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याचा. बॉयलर चालू असताना त्यातून तासाला लिटरभर पाणी येणं स्वाभाविक आहे. बॉयलर पाच-सहा तास बंद आहे, तरी त्यातून थेंब येतायत, तर मुख्य हीट एक्स्चेंजर आतून फुटला असण्याची शक्यता मोठी. ही महागडी दुरुस्ती. बॉयलर दहा-बारा वर्षांचा असेल तर नव्याचा भावही त्याच वेळी विचारून ठेवा.

फिलिंग लूप म्हणजे बॉयलरखालची चंदेरी जाळीदार नळी. भरणी झाल्यावर ती एका टोकाने सोडवून ठेवावी, ब्रिटनच्या पाणीपुरवठा नियमांतही तसंच सांगितलं आहे. सोडवल्यावर उघड्या टोकांतून पाणी ठिबकतंय का ते बघा. ठिबकत असेल तर तो व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही.

व्हेसलमध्ये हवा भरणं

आधी कायद्याची रेघ. गॅसचं कोणतंही काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस इंजिनिअरांची अधिकृत नोंदणी) नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं. अनेक आधुनिक बॉयलरचं झाकण ज्वलनकक्षाच्या सीलचा भाग असतं, म्हणून ते काढणंही त्याच्याकडेच. व्हेसलचा हवेचा व्हॉल्व्ह झाकण न काढता हाती लागत असेल, किंवा व्हेसल बॉयलरबाहेर वेगळं बसवलेलं असेल, तरच पुढचं स्वतः करा.

१. बॉयलरचा विजेचा स्विच बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या.
२. ड्रेन कॉक उघडून दाब शून्यावर आणा आणि कॉक उघडाच ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात. सिस्टीममध्ये दाब असताना हवा मोजली तर गेज पाण्याचाच दाब दाखवतो आणि रिकामं व्हेसलही भरलेलं वाटतं.
३. व्हेसलवरची टोपी काढा. आत मोटारीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह आहे. मधली पिन क्षणभर दाबा. हवा आली तर पुढे जा. पाणी आलं तर रबरी पडदा फाटला आहे, हवा भरून उपयोग नाही, व्हेसलच बदलावं लागेल.
४. गेज असलेल्या पायपंपाने हवा भरा. सोबत ड्रेनमधून पाणी ढकललं जाईल. ते थांबेपर्यंत भरा आणि मॅन्युअलमधला आकडा गाठा, बहुधा ०.७५ ते १ बार.
५. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा टिकला तर ड्रेन बंद करून पाणी १.२ ते १.३ बारपर्यंत भरा आणि रेडिएटरमधली हवा काढा.

चौदा-पंधरा रेडिएटरच्या मोठ्या घरात बॉयलरमधलं ८-१० लिटरचं व्हेसल ठणठणीत असूनही पुरत नाही. घर वाढवताना रेडिएटर जोडले आणि त्यानंतर दाब तीनला जाऊ लागला असेल, तर रिटर्न पाइपवर (रेडिएटरकडून बॉयलरकडे परत येणाऱ्या) जादा व्हेसल बसवणं हाच उपाय.

रेडिएटर, एकेक सांधा

बाहेरचा पाइप कोरडा आणि व्हेसल ठीक, तर आता गुडघ्यावर बसायचं. वेळ पहाटेची, हीटिंग सुरू होण्याआधीची. साधन म्हणजे कोरडा टिश्यू पेपर, टोकदार घडी घालून. बोटाला ओल कळत नाही, थंड धातू नेहमीच ओला वाटतो. टिश्यूवर मात्र एक थेंबही करडा गोल होऊन पसरतो.

प्रत्येक व्हॉल्व्हवर तीन जागा पुसायच्या: खालून येणारा पाइप जिथे व्हॉल्व्हला मिळतो तो नट, व्हॉल्व्ह आणि रेडिएटर यांच्यामधला मोठा नट, आणि टोपी काढल्यावर वर दिसणारा दांडा. मग रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला हवा काढायचा स्क्रू, दुसऱ्या कोपऱ्यातला बूच आणि शेवटी खालची शिवण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुनी गळती खुणा ठेवते. पितळ-तांब्यावर हिरवट-निळी पूड, नटाभोवती पांढरा खडूसारखा थर, गालिच्यावर तपकिरी वर्तुळ.

दांड्याभोवती ओल असेल तर त्याखालचा छोटा नट पान्याने एक अष्टमांश फेरा आवळा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं. मोठा नट आवळताना व्हॉल्व्हचं अंग दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर पाइप पिळला जाऊन खालचा चांगला सांधा सुटतो. पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. थांबलं नाही तर रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, पाणी काढून, टेफलॉन टेप लावून सांधा पुन्हा जोडा. इथल्या दुकानात हा टेप पीटीएफई नावाने मिळतो. लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा, साध्या टोपीखालचा) बंद करताना किती फेरे फिरले ते मोजून लिहा आणि उघडताना तितकेच उघडा, नाहीतर सगळ्या घरातल्या रेडिएटरांच्या उष्णतेचा तोल बिघडतो. आकडे असलेला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह शून्यावर ठेवला तरी कडक थंडीत तो आपोआप उघडू शकतो. रेडिएटर काढताना त्यावर बंद करायची टोपी बसवा.

शिवणीजवळ रंगाखाली गंजाचा फोड दिसला तर तो खरवडू नका. त्या फोडानेच भोक बुजलेलं असतं. रेडिएटर बदलायचाच आहे, पण बादली आणि नवा रेडिएटर जवळ असताना.

बॉयलर की पाइप?

काहीच सापडलं नाही तर सिस्टीमचे दोन भाग करायचे. बॉयलरखाली फ्लो (गरम पाणी नेणारा) आणि रिटर्न (परत आणणारा) असे दोन २२ मिलिमीटरचे पाइप असतात आणि प्रत्येकावर बंद करायचा व्हॉल्व्ह. पाइपांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, म्हणून मॅन्युअलमधली आकृती बघूनच हात लावा. गॅसच्या कॉकला हात लावायचा नाही.

बॉयलर बंद करून तीन-चार तास थंड होऊ द्या, कारण नुसत्या थंड होण्यानेही काटा उतरतो. दाब २ बार करा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. आठवड्याला अर्धा बार घसरण असेल तर एका रात्रीत काट्यावर काहीच दिसणार नाही, म्हणून थंडी सौम्य असलेला शनिवार-रविवार निवडून २४ ते ४८ तास द्या. या काळात बॉयलर चालू करायचा नाही, गरम पाण्यासाठीही नाही. काटा बॉयलरच्या बाजूचा दाब दाखवतो. तो पूर्वीच्याच गतीने उतरला तर दोष बॉयलरमध्ये: सेफ्टी व्हॉल्व्ह, ऑटो एअर व्हेंट (आपोआप हवा सोडणारा भाग), पंपाची सील किंवा हीट एक्स्चेंजर. तो जागचा हलला नाही तर दोष घरातल्या पाइपांत किंवा रेडिएटरमध्ये. चाचणी झाली की व्हॉल्व्ह उघडा आणि दाब १.३ वर आणूनच हीटिंग लावा.

घरातल्या बाजूलाही तीच युक्ती पुढे न्या. बॉयलरचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून सगळ्या रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. घसरण थांबली तर एखादा रेडिएटर दोषी. मग अर्धे उघडा, उरलेल्यांतले अर्धे, असं करत दोषी सापडतो. जमिनीखालचं हीटिंग असेल तर मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्या नळ्या जिथून फुटतात तिथे, एकेक सर्किट बंद करून बघा. रेडिएटर बंद असूनही घसरण चालूच राहिली तर पाइप. तळमजल्याच्या काँक्रीटमध्ये वेष्टनाशिवाय पुरलेला तांब्याचा पाइप हा जुना संशयित, सिमेंट तांब्याला बाहेरून खातं. वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांतून गेलेला खिळा किंवा आतली नळी न घालता जोडलेला प्लॅस्टिकचा सांधा सापडतो. छतावर तपकिरी वर्तुळ, स्कर्टिंगचा (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीचा) फुगलेला रंग, वर आलेलं लॅमिनेट यांकडे बघा.

इथून पुढे फरशी फोडण्याआधी गळतीशोधक बोलवा. तो थर्मल कॅमेरा वापरतो, किंवा ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचं मिश्रण पाइपात सोडून ते जमिनीतून कुठे वर येतं ते हुंगणाऱ्या यंत्राने पाहतो. घराच्या विम्यात ‘ट्रेस अँड ॲक्सेस’ कलम आहे का बघा. शोधण्याचा आणि फोडतोडीचा खर्च त्यात येतो, खुद्द पाइपाची दुरुस्ती बहुधा येत नाही. विमा कंपनीला कळवायला उशीर करू नका, हळूहळू झालेलं नुकसान अनेक पॉलिसींतून वगळलेलं असतं.

बाटलीतलं लीक सीलर ओतावं का? काँक्रीटखालच्या सूक्ष्म पाझरासाठी, सगळं करून झाल्यावर, बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तरच. सेफ्टी व्हॉल्व्हच्या गळतीवर किंवा रिकाम्या व्हेसलवर त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि सगळ्यात जास्त वेळा दोष तिथेच निघतो.

भाड्याच्या घरात यातलं नोंदवही, टिश्यू आणि पिशवी एवढंच तुमचं काम. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार, सर्वसाधारण भाडेकराराच्या घरात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तारखा आणि फोटो जोडून एजंटला ईमेल करा, फोनवर सांगून सोडू नका. इंजिनिअर आला की गॅस सेफचं कार्ड मागा आणि मागची बाजू वाचा. कोणत्या कामासाठी तो पात्र आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

दुरुस्तीनंतर इनहिबिटर नव्याने घाला. सेंटिनेल एक्स-१०० ची १ लिटरची बाटली साधारण १०० लिटर पाण्याला, म्हणजे दहाएक रेडिएटरच्या घराला पुरते. मग पुन्हा सात दिवस वही. सकाळचा आकडा ०.१ बारच्या आत टिकला तर काम झालं.

डिसेंबरात तीन-चार आठवड्यांसाठी भारतात जाणाऱ्यांनी हे सगळं नोव्हेंबरातच उरकावं. दाब उतरून बॉयलर अडकला की त्याचं गोठणरोधक संरक्षणही बंद पडतं आणि रिकाम्या घरात पाइप गोठून फुटतो. निघण्याच्या दिवशी थंड सिस्टीमचा दाब १.५ करा, फिलिंग लूप सोडवा, थर्मोस्टॅट १२ अंशांच्या खाली नेऊ नका, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली देताना आठवड्यातून एकदा काट्याचा फोटो पाठवायला सांगा.